टी-शर्ट नाही, मेडल नाही

धर्मादाय दौडीतले सगळ्यात जास्त पैसे खातो तो टी-शर्ट. पाचशे रुपये नोंदणी भरणाऱ्या माणसाला वाटतं की आपले पाचशे रुपये कुणाच्या तरी औषधाला गेले. हिशेब मांडून बघा. छापील टी-शर्टला दीडशे-दोनशे. रिबिनीसकट मेडल पन्नास-पाऊणशे. छातीवरचा नंबर आणि त्याला चिकटवलेली वेळ मोजायची चिप, तेवढेच. मग नाश्ता, पाण्याच्या बाटल्या, मांडव, स्पीकर, चौकातले फ्लेक्स आणि व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या शाली. उरलेच तर पन्नास-शंभर रुपये उरतात. यात कुणी चोरी केलेली नसते. सगळं रीतसर, पावतीसह झालेलं असतं. फक्त ज्याच्या नावाने माणसं धावली तो रांगेत शेवटी उभा असतो.

हे गणित मला कुणी शिकवलं नाही. आमच्या वाईच्या घरात अशी दौड काढायचं ठरलं आणि काकूने वहीत दोन रकाने आखले, तेव्हा ते डोळ्यांसमोर आलं. काकू बँकेत कॅशिअर होती. तिच्यापुढे "साधारण एवढे लागतील" असं म्हणायची घरात कुणाची छाती नाही.

काका परळला उपचार घेत होते. वाई ते मुंबई हे अंतर नकाशावर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर दिसतं. केमोथेरपी घेऊन परतणाऱ्या माणसासाठी ते किती असतं हे सोबत बसणाऱ्यालाच कळतं. आमचं बरं होतं. घरची गाडी होती, डोंबिवलीला नातेवाईक होते. पण रुग्णालयाच्या बाहेरच्या फूटपाथवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेच्या ओट्यावर काकूला आपल्याच जिल्ह्यातली माणसं भेटत गेली. माणची, खटावची, जावळीची. फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा मोठा भार उतरला होता, हे ती सगळीच सांगत. अडायचं ते वेगळ्याच जागी. दर एकवीस दिवसांची खेप, सोबतच्या माणसाचं जेवणखाण, बुडालेली मजुरी आणि घरी शेजारणीकडे ठेवलेली पोरं. एसटीत कर्करोगाच्या रुग्णाला सवलत मिळते. सोबतच्याचं तिकीट घरानंच काढायचं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला शयनयान डब्यात भाडं पूर्ण माफ आहे, पण वाईला रेल्वेच नाही. एका खेपेला दोन माणसांचे दोन-अडीच हजार कसेही उडत. तेवढ्यासाठी एखादी खेप चुकवणारी माणसं काकूने पाहिली होती. औषध फुकट मिळत असताना.

काका गेल्यावर वर्षश्राद्धाच्या सुमारास ती म्हणाली, "मला त्या भाड्याचं काहीतरी करायचंय." एवढंच. दौडीची कल्पना तिची नव्हे, ती आली मिसिसागाहून.

माझी आतेबहीण तिथे राहते. दर सप्टेंबरात तिची मुलं शाळेत दोन डॉलरचं एकेक नाणं घेऊन जातात आणि मैदानाला फेऱ्या मारून येतात. कॅनडातल्या हजारो शाळांत हे होतं आणि त्याच महिन्यातल्या एका रविवारी गावोगावी मोठ्यांचीही दौड असते. टेरी फॉक्सची दौड. व्हिडिओ कॉलवर बहिणीने सहज सांगितलं की तिथे पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही, कारण पहिला नंबर नसतोच. प्रवेश शुल्कही नाही. आत्या लगेच म्हणाली, "मग लोक कशाला धावतात?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी टेरी फॉक्सविषयी वाचत गेलो आणि हा मुलगा घरात वस्तीलाच आला.

टेरीचा जन्म १९५८ चा, विनिपेगचा. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम या गावात. १९७७ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, उजव्या गुडघ्याशी हाडाचा कर्करोग निघाला आणि पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या माणसाविषयीचा लेख होता. एक पाय नसताना तो न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावला होता. पुढचे कित्येक महिने रुग्णालयात आजूबाजूची मुलं बघत टेरीने ठरवलं की आपण देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं आणि संशोधनासाठी पैसे गोळा करायचे. आईला, बेटी फॉक्सना, हे सांगितलं तेव्हा त्यांना पोराचं डोकं फिरलंय असं वाटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. वडिलांनी, रॉलींनी, फक्त कधी निघायचंय ते विचारलं. आमच्या आईला हा भाग फार आवडतो. तिच्या मते दोघंही आईबाप बरोबर होते.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून टेरी निघाला. मागे व्हॅन, व्हॅनमध्ये लहानपणचा मित्र डग अल्वर्ड. रोजचं साधारण एका मॅरेथॉनएवढं अंतर. आजच्यासारखा धावण्यासाठीचा कार्बन फायबरच्या पात्याचा पाय तेव्हा नव्हता. साधाच पाय, त्यामुळे प्रत्येक पावलाला एक जादा उडी. सुरुवातीला रस्त्यात बर्फ, वारा आणि जवळजवळ कुणीच नाही. मग पोर्ट ओ बास्क नावाचं गाव लागलं. वस्ती दहा हजारांची आणि गावाने दिले दहा हजार डॉलर. माणशी एक डॉलर! तिथून त्याच्या डोक्यात बसलं की प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर मागायचा.

घर या गोष्टीत कुठे येतं, तर इथे. व्हॅनमध्ये चोवीस तास एकत्र राहून टेरी आणि डग यांचं बिनसलं. बोलणं बंद होण्यापर्यंत पाळी आली. आईवडील विमानाने हॅलिफॅक्सला गेले आणि नंतर सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल व्हॅनमध्ये राहायला आला. त्याचं काम काय होतं? पैशांच्या पिशव्या गर्दीतून फिरवणं आणि थट्टामस्करी करून या दोघांना हसवणं. ज्यांनी घरात कार्य काढलंय त्यांना या पदाचं महत्त्व सांगायला नको.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी ऑन्टारिओतल्या थंडर बेजवळ टेरी थांबला. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी दोन कोटी एक्केचाळीस लाख डॉलरवर गेला. तेव्हाच्या कॅनडाची लोकसंख्या तेवढीच होती. २८ जून १९८१ रोजी, तेवीस वर्षं पूर्ण व्हायला महिना राहिला असताना, तो गेला. त्या १३ सप्टेंबरला पहिली टेरी फॉक्स दौड झाली आणि तीन लाख लोक धावले, चालले, सायकलवर आले. ही वार्षिक दौड सुचवली ती फोर सीझन्स हॉटेलांच्या इझाडोर शार्प यांनी. त्यांचाही तरुण मुलगा कर्करोगानेच गेला होता.

टेरीने बुटांची, पेट्रोलची, व्हॅनची मदत घेतली. पण स्वतःच्या नावावर कुणाचा माल विकू दिला नाही. तो गेल्यावर बेटी फॉक्सनी हा नियम राखला. शुल्क नको, बक्षीस नको, प्रायोजकांच्या पाट्या नकोत. टी-शर्ट तिथेही आहे, नाही असं नाही. पण ज्याला हवा तो वेगळे पैसे देऊन घेतो. या साध्या बाईने देशभरच्या दौडीला चाळीसेक वर्षं पुरेल अशी शिस्त लावून दिली, आणि माझ्या मते टेरीच्या धावण्याइतकंच हेही अवघड काम होतं. धावणाऱ्याला लोक पाणी देतात. नाही म्हणणाऱ्याला कोण देतं?

आमच्याकडे ही नाही म्हणायची पाळी पहिल्याच बैठकीत आली. दादाचा व्यवसाय आहे, ओळखी आहेत. त्याने येतानाच तीन प्रायोजक आणले होते आणि पोटावर कुणाचं नाव, पाठीवर कुणाचं, बाहीवर कुणाचं, हेही ठरवून आला होता. काकू म्हणाली, "यांना सांग, तेवढेच पैसे पेटीत टाका. नाव नको." तिघांतल्या एकाने टाकले. दोघं नंतर भेटले की दुसरीकडे बघू लागले. दादाला ते लागलं आणि तो अजून अधूनमधून बोलून दाखवतो. त्याचं अगदीच चूक नाही. मोठ्या दौडींना प्रायोजकांवाचून गत्यंतर नसतं. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून चालते, तिथे शेकडो संस्थांसाठी वेगळी यंत्रणा लावून निधी जमवला जातो आणि तो खरोखर मोठा असतो. पण तिथला संसार वेगळा. दोनशे माणसांच्या दौडीने मुंबईची नक्कल केली तर नकलेचाच खर्च निघतो.

बक्षिसांवर मात्र खरं भांडण झालं. सातारा जिल्ह्यात धावणं म्हणजे हौस नव्हे. पोलीस भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं, सैन्याची भरती असतेच. पहाटे कुठल्याही गावच्या रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच मातीतून रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते. भरतीची तयारी करणारी पोरं बक्षिसाच्या रकमा बघून या गावची शर्यत, त्या गावची शर्यत करत हिंडतात; त्यातून त्यांचे बूट निघतात. बक्षीस ठेवलं नाही तर ही पोरं येणार नाहीत, आणि ती आली नाहीत तर दौड म्हणजे सकाळचा फेरफटका होईल, असं दादाचं म्हणणं.

त्यावर आत्याने लता करे यांचं नाव काढलं. बारामतीजवळच्या या बाई. साठी ओलांडलेल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, तर नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठ नागरिकांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पाच हजारांचं बक्षीस होतं. पुढे त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. "बघा," आत्या म्हणाली, "बक्षीस होतं म्हणून त्या माणसाची तपासणी झाली."

माडीवर जरा शांतता पसरली. मग काकूने विचारलं, "आणि त्या दुसऱ्या आल्या असत्या तर?"

माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपला. लता करे यांची हिंमत सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली आणि घ्यायलाच हवी होती. पण बायको पहिली आली तरच नवऱ्याची तपासणी होणार, ही व्यवस्था काही डोक्यावर घेण्यासारखी नाही. आपल्या दौडीतून ज्याला भाडं मिळायचंय त्याने धावायला नको, जिंकायलाही नको. बक्षिसाचे पाच हजार म्हणजे परळच्या दोन खेपा. बक्षीस बाद झालं.

भरतीची पोरं काय करतील हा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांच्या प्रशिक्षकाला जाऊन भेटलो, तर तो म्हणाला, "सर, त्या दिवशी आमची पोरं रस्ता सांभाळतील." निम्मी पोरं चौकाचौकांत उभी राहिली, निम्मी धावली, आणि धावली ती अशी की पुढे चाललेल्या मोटारसायकलवाल्याला गिअर बदलावा लागला. चुरशीला बक्षीस लागत नाही, पोरं लागतात.

आता रस्ता. गणपती घाटावरून निघायचं, मेणवलीला जायचं आणि परत यायचं. सगळं अंतर सहा किलोमीटरच्या आसपास. पुतणीचं म्हणणं, दौड पाच किलोमीटरची हवी, कारण सगळीकडे पाचचीच असते. आई म्हणाली, "मेणवलीच्या अलीकडून परत फिरा म्हणून कुणाला सांगणार? लोक घाटावर जाऊन पाय धुऊनच येतील." तसंच झालं असतं. नाना फडणविसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती भली मोठी घंटा अर्ध्या किलोमीटरवर सोडून, वेळ बरी यावी म्हणून मागे फिरणारा माणूस वाईत तरी जन्मलेला नाही. 'स्वदेस'चं चित्रीकरण झाल्यापासून तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दीही असते, तिला वळसा घालावा लागतो.

पण नेमकं अंतर किती, यावर गल्लीतल्या ज्येष्ठांनी तोंड घातलं. ज्या गावाने विश्वकोशाच्या नोंदींवर वर्षानुवर्षं शब्दाशब्दाचा कीस पाडलेला पाहिलाय, त्या गावात "अंदाजे सहा" चालत नाही. मग पुतणीने रस्त्यावरच्या शर्यती जगभर कशा मोजतात हे शोधून काढलं. मोटारीच्या मीटरवर किंवा मोबाईलवर कुणी विसंबत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे मोजणारं एक छोटं यंत्र बसवतात. आधी पोलादी टेपने सरळ रस्ता मोजून घ्यायचा, किमान तीनशे मीटर. त्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मग शर्यतीचा रस्ता वळणाच्या आतल्या कडेने, धावणारा ज्या जवळच्या मार्गाने जाईल त्याच मार्गाने मोजायचा. वर दर हजार मीटरला एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे रस्ता कधी कमी भरत नाही. टायरमधली हवा उन्हाने फुगते म्हणून शेवटी पुन्हा टेपवर चालवून बघायचं. ते यंत्र आमच्याकडे कुठलं! पुतणीने चाकाच्या व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधली आणि फेरे मोजले. टेप बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी दिला आणि टेपबरोबर तेही आले. दोघांनी एक सबंध रविवार त्या रस्त्यावर घालवला. पत्रकावर छापलं ते "सहा किलोमीटर आणि थोडं जास्त". वेळ मोजणारच नव्हतो, पण त्या दोघांची मैत्री कायमची झाली.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण पत्रं पाठवून विचारणारे बरेच आहेत. पोलीस ठाण्याचा परवाना लागतो, नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला पत्र द्यावं लागतं, ग्रामीण रुग्णालयाला आधी कळवून रुग्णवाहिकेची सोय करावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावता येत नाही, म्हणून पहाटेच्या जमवाजमवीला शिट्टी बरी. सगळ्यात महत्त्वाचं, लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर नोंदणीकृत न्यास हवा, नाहीतर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. आम्ही नवा न्यास काढायच्या भानगडीत पडलो नाही. रुग्णांसाठी आधीपासून काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट पैसे जातात, पावती तीच देते. ८० जी ची सवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नये, एवढं देणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

तारखेचा घोळ कागदांपेक्षा मोठा. हिवाळा हवा, पण हिवाळ्यात कारखाना चालू असतो. उसाच्या ट्रॉल्या पहाटेच निघतात आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला की धावणाऱ्याला साइडपट्टी उतरण्यावाचून मार्ग नसतो. पुढे कृष्णाबाईचे उत्सव घाटाघाटांवर आळीपाळीने सुरू होतात, तेव्हा घाट मागायचाच नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यात बंदोबस्त मिळत नाही. शेवटी राहतात दोन-तीन रविवार, त्यांतल्या एकावर घरातल्या कुणाचं तरी लग्न असतं.

व्यवस्थेचं खरं ज्ञान घरात एकाकडेच होतं, वडिलांकडे. ते माउलींच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षं लोणंद, तरडगाव, फलटण करत आलेले. दिंडीत पाण्याचा टँकर कुठे उभा करायचा, भिशीचे पैसे कसे लिहायचे, मागे पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी आणायचं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, "गेलेली माणसं सगळी परत आली हे कसं कळणार?" छातीवरचा नंबर वेळेसाठी नसतो, मोजणीसाठी असतो, ही गोष्ट त्या दिवशी समजली. मग आई आणि काकूने जुन्या पांढऱ्या चादरी फाडून चौकोन केले, त्यांवर पक्क्या शाईने आकडे घातले. जाताना नंबर घ्यायचा, चार सेफ्टी पिना घ्यायच्या, आल्यावर दोन्ही परत द्यायचं. टेबलावर जो नंबर आला नाही तो माणूस अजून रस्त्यावर आहे. घरी आल्यावर नंबर धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षाला ठेवले. छपाईचा खर्च शून्य.

ही पद्धत पहिल्याच वर्षी उपयोगी पडली. मेणवलीच्या वळणावर मावसभावाला उभं केलं होतं. थंडी होती, समोर टपरी होती; तो चहाला गेला. पुढची पाच पोरं वळण न घेता तशीच धोमच्या रस्त्याने सुसाट गेली. इकडे टेबलावर आजीबाई, चौथीतली मुलं, पोट सुटलेले वकील असे सगळे येऊन नंबर देऊन गेले आणि सगळ्यात वेगवान पाच नंबर गायब. दादाने मोटारसायकल काढली. पोरं परतली ती चिडलेली नव्हती. फक्त पुढच्या वेळी तिकडेच न्या म्हणाली, रस्ता मस्त आहे. बक्षिसाची शर्यत असती तर त्या दिवशी मावसभावाचं काही खरं नव्हतं.

घरच्यांनी मिळून काढलेल्या दौडीचं इथपर्यंत सगळं गोड वाटेल, म्हणून वहिनी काय म्हणाली तेही लिहितो. पहिल्या वर्षी ती, आई, आत्या आणि दोन मावश्या पहाटे तीनला उठल्या. दोनशे माणसांचे पोहे, लिंबाचं सरबत, आणि प्लास्टिक नको म्हणून स्टीलचे पेले. ते घासलेही त्यांनीच. संध्याकाळी काकूने वहीतला खर्च वाचून दाखवला आणि सगळे वाहवा करू लागले, तेव्हा वहिनी म्हणाली, "यात आमची मजुरी कुठल्या रकान्यात आहे?" कुणाला उत्तर देता आलं नाही. कमी खर्चाची दौड म्हणून आम्ही जिची पाठ थोपटत होतो तिचा अर्धा खर्च घरातल्या बायकांच्या कमरेवर पडला होता. त्यांतली एकही धावली नव्हती. टी-शर्टचे पैसे वाचवून पोह्यांत बायका जुंपायच्या, याला धर्मादाय म्हणत नाहीत.

पुढच्या वर्षापासून पोहे बंद. केळी आणि गूळ-शेंगदाणे, तेही भरतीची पोरं वाटतात. पेला ज्याने त्याने आणायचा आणि आपला आपण धुवायचा. वहिनी पुढच्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून सहा किलोमीटर आणि थोडं जास्त धावली. आई चालली. तिला दीड तास लागला, कारण वाटेत तिला माणसं भेटत होती.

ज्यांना विचारायचं असतं की भाड्याचे पैसे नुसते मागून जमले नसते का, धावायचं कशाला, त्यांना माझं उत्तर असं. जमले असते, एकदा. ओळखीच्या पंचवीस-तीस घरांतून. दौडीमुळे ज्यांच्या घरात आजार आहे ती माणसं बाहेर आली. पहिल्या वर्षी परत आल्यावर एक बाई नंबर द्यायला टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या की आमच्याकडेही फाइल आहे. 'फाइल आहे' एवढं बोललं की परळ-दादरच्या वाटेवरची माणसं पुढचं ओळखतात. त्यांना चार दिवसांनी भाडं पोचलं. लिफाफा देताना फोटो काढायचा नाही, नाव कुठे छापायचं नाही, हा काकूचा नियम. देणाऱ्याला हवं तर हिशेब बघावा, घेणाऱ्याचं तोंड बघू नये.

रक्कम मोठी नाही. पहिल्या वर्षी ती लाखाला पोचली नाही. वाईची वस्ती गेल्या जनगणनेत पस्तीस-छत्तीस हजारांची होती; पोर्ट ओ बास्कचा हिशेब लावून माणशी दहा रुपये धरले तरी साडेतीन लाखांच्या वर जातात. काकूच्या वहीत तो आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. अजून त्याच्या जवळपासही गेलेलो नाही. पण खर्चाच्या बाजूला पाच ओळी आहेत: केळी, गूळ-शेंगदाणे, पत्रकं, रुग्णवाहिकेचं डिझेल, सेफ्टी पिना. सहावी ओळ घालायची असेल तर बैठकीत काकूपुढे उभं राहून कारण सांगावं लागतं. दादाने मागच्या वर्षी फ्लेक्सचं कारण सांगून पाहिलं.

तुमच्या गावात अशी दौड काढणार असाल तर आधी वहीत दोन रकाने आखा आणि घरातल्या बायकांना विचारा की त्या धावणार आहेत की नाहीत. आणि कुणाला आमच्याकडे यायचं असेल तर जरूर यावं. जानेवारीचा दुसरा रविवार, गणपती घाट, सकाळी साडेसहा. शुल्क नाही, पेटी टेबलावर ठेवलेली असते. नाश्ता न करता येऊ नये, साखरेचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून यावं. स्वतःचा पेला आणावा, आणि परत जाताना कापडी नंबर न विसरता जमा करावा. मागच्या वर्षीचे अकरा अजून आलेले नाहीत.